पोरगं आमचं, पोरगी तू ठेव

नवऱ्यानं कोर्टात टाकलेला अर्ज सहा पानांचा आहे. त्यात माझी मुलगी एकाच ओळीत येते, "सदर विवाहापासून उभयतांना एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये झाली", बस एवढंच. त्यानंतर सहाव्या पानापर्यंत नुसता मुलगा. मुलाचं शिक्षण, मुलाचं भवितव्य, मुलाला वडिलांच्या शेतीची गोडी लागावी म्हणून मुलाचा ताबा अर्जदाराला द्यावा. जानेवारीत, तुरी सोंगायच्या दिवसांत हा अर्ज हातात पडला, मी ब्लाउजचं कटिंग तसंच टाकलं आणि ओट्यावर बसून तीनदा वाचला, वाटलं एखादं पान उलटं टाचलं असेल, मुलीचं मागे कुठंतरी असेल. तेवढ्यात तीच शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणते, "काय वाचून राह्यली वं आई?" मी पानं पालथी घातली. मराठी फाडफाड वाचते ती.

कागदावर ते तेव्हा आलं, पण कानांनी मी आधीच ऐकलं होतं. माझ्या माहेरी बैठक बसली होती, सासरचे चार, आमच्याकडचे चार, चहा झाला, सुपारी फिरली, आणि जेठ म्हणाले, "पोरगं आमचं, पोरगी तू ठेव, वाद मिटला." आवाजही चढवला नाही. दोन भाऊ वावर वाटतात तेव्हा म्हणतात ना, विहिरीकडचं तुले, नाल्याकडचं मले, मधात धुरा (बांध) टाकून घेऊ, तसं. आणि मला खरं लागलं ते हे की आमच्याकडच्या चौघांपैकी दोघांनी मान हलवली. त्यांना त्यात काही वावगं दिसलंच नाही. एक पोर इकडं एक तिकडं, हिशोब बरोबर.

येत्या शुक्रवारी माझी तारीख आहे. माझा उलटतपास आहे, म्हणजे समोरचा वकील मला प्रश्न विचारणार, आणि मुलाच्या ताब्याचा तो अर्जही सोबतच ऐकणार आहेत. माझ्याकडून वकील नाही, मीच उभी राहणार आहे. गेले आठ-नऊ महिने मी जी तयारी केली ती लिहून ठेवावी असं वाटलं, कारण मी शोधत होते तेव्हा आमच्यासारख्या खेड्यातल्या बाईनं मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नव्हतं.

थोडक्यात सांगते. लग्न 2014 चं, परतवाड्याकडं दिलं होतं. मुलगी 2016 ची, मुलगा 2020 च्या नोव्हेंबरचा, कोरोनातला. मार्च 2022 मध्ये मी दोन्ही पोरं घेऊन दर्यापूरकडं माहेरी आले. का आले ते इथं लिहीत नाही, ते शपथपत्रात लिहिलंय आणि तिथं लिहितानाच माझी दमछाक झाली. जून 2024 ला नवऱ्यानं घटस्फोटाची केस टाकली, क्रूरता आणि सोडून जाणं या दोन कारणांवर. सोडून जाण्याला कायद्यात सलग दोन वर्षं लागतात, ती भरली आणि लगेच केस आली. घटस्फोटाला माझी ना नाहीच, परस्पर संमतीनं, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली मी सही करायला तयार होते, पण तिथंही अट एकच, पोरगं.

वकील होते आधी, तालुक्याचेच. पंधरा हजार दिले त्यांना, पाच-पाचच्या तीन हप्त्यांत, दोन हप्ते शिलाईचे आणि एक बचत गटातून उचललेला. माणूस वाईट नव्हता, पण माझी जिल्ह्याला तारीख असली की नेमकी त्यांची तालुक्यात दुसरी केस असायची, मी सकाळच्या एसटीनं जायचे, पुकारा व्हायचा, मी एकटी जाऊन उभी राहायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. पुढे चीफच्या, म्हणजे मुख्य तपासणीच्या शपथपत्राचा (आपली साक्ष लिहून द्यायची तो कागद) विषय निघाला तर आणखी दहा हजार म्हणाले. मी म्हटलं साहेब, सोयाबीन निघू द्या. ते म्हणाले मग तारीख पण सोयाबीननंतरची घेऊ. मी त्यांच्याकडून ना हरकत लिहून घेतली आणि फाइल पिशवीत टाकून घरी आले, आणि त्या रात्री मला अजिबात झोप लागली नाही.

दोन गोष्टी मला त्यानंतर कळल्या, आधी कळायला पाहिजे होत्या. एक म्हणजे 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात कलम 13 आहे, त्यात म्हटलंय की या कोर्टात वकील लावणं हा कोणाचाच हक्क नाही, कोर्टानं परवानगी दिली तरच वकील, आणि कोर्टाला गरज वाटली तर ते स्वतः न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा कायद्याचा जाणकार, नेमू शकतं. म्हणजे हे कोर्ट बनवतानाच नवरा-बायकोनं स्वतः येऊन बोलावं असं धरलेलं आहे. (त्याच्या वकिलांना परवानगी मिळालेली आहे, तो त्याचा मार्ग.) दुसरी गोष्ट, 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा, त्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पिवळं कार्ड, केशरी कार्ड काही बघत नाहीत. मी तीन हप्ते भरत होते तेव्हा हे मला कोणीच सांगितलं नाही. 15100 हा नंबर आहे, फोन लावा, किंवा तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते तिथं जाऊन अर्ज द्या.

मी अर्ज दिला, वकील मिळत होते. पण तोवर माझं शपथपत्र मीच लिहून झालं होतं, आणि मॅडम, म्हणजे जज मॅडम, मला थेट विचारत होत्या आणि मी थेट सांगत होते, आणि मला जाणवलं की माझ्या पोरांचं मी सांगते तसं मधल्या माणसाला सांगता येत नाही. म्हणून सल्ला तिथून घेतला आणि उभी स्वतः राहिले. तरी हे वाचून कोणी आपला वकील सोडू नका. जिथं मारहाणीची फौजदारी केस आहे, जमिनीचा किंवा मोठ्या पैशाचा वाद आहे, तिथं मोफतचा का होईना वकील घ्याच. माझी केस दोन लेकरांपुरती होती म्हणून मला जमलं.

आणि मराठी. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा 1998 पासून मराठी ठरवलेली आहे, हे मला कळलं तेव्हा अर्धी भीती गेली. त्याच्याकडून एक शपथपत्र इंग्रजीत आलं होतं, मी उभी राहून म्हटलं मॅडम मला मराठीत पाहिजे, आणि पुढच्या तारखेला मिळालं.

पण कोर्टातलं मराठीही निराळंच. नव्या सासरी गेल्यावर कोणत्या डब्यात तिखट आणि कोणत्यात हळद हे महिनाभर शोधावं लागतं, तसं. 'से' द्या म्हणजे समोरच्याच्या अर्जावर आपलं म्हणणं लिहून द्या. पुरसीस म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारा छोटा कागद. रोजनाम्यात त्या दिवशी काय झालं ते असतं. कागदाला नंबर पडतो ती निशाणी. ई-कोर्ट्सचं अ‍ॅप आहे, त्यात केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते, तेव्हापासून मी कोणालाही फोन करून तारीख विचारलेली नाही. बायकांना अशा केसमध्ये कोर्ट फीही माफ आहे आपल्याकडं. झेरॉक्स मात्र माफ नाही, एकाच्या तीन-तीन काढाव्या लागतात, कोर्टाला, त्याला आणि आपल्याला.

आता मुख्य गोष्ट. मी शंभर पानी दोन वह्या आणल्या होत्या. एकीत त्याचं लिहायचं आणि एकीत पोरांचं, असं ठरवलं होतं. पहिली वही दोन रात्रींत भरली. मायनं दोनदा उठून पाहिलं, "काहून वं इतकं लिवून राह्यली, झोप ना आता." पण हात थांबतच नव्हता. कोणत्या साली काय बोलला, कोणासमोर बोलला, कोणत्या सणाला मला माहेरी पाठवलं नाही, बाळंतपणात काय झालं, सगळं तारीखवार. ती वही घेऊन मी विधी सेवाच्या ताईंकडं गेले. त्या वकील नाहीत, पीएलव्ही म्हणतात त्यांना, विधी स्वयंसेवक, आमच्याच तालुक्यातल्या आहेत. त्यांनी बसून सगळी वही वाचली, पाऊण तास वाचली, मध्ये चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "हे सारं खरं असंल ताई. पण याच्यात लेकरं कुठं हायेत?"

मी दुसरी वही काढली. तीत दीड पान होतं.

मला राग आला होता त्यांचा, खोटं कशाला बोलू. एवढं सोसलं त्याचं काहीच नाही का? पण येताना एसटीत खिडकीशी बसून विचार करत आले आणि ते मनात रुतत गेलं. त्यांनी मला 1956 च्या पालकत्वाच्या कायद्याचं कलम 13 दाखवलं होतं, मुलाचं कल्याण हीच सगळ्यात मोठी गोष्ट धरायची असं त्यात आहे. म्हणजे घटस्फोटाच्या बाजूला माझी पहिली वही चालेल, तिथं कोण कसं वागलं ते बघतील. ताब्याच्या बाजूला ते विचारणारच नाहीत की तुझ्यावर किती अन्याय झाला. ते विचारतील हे पोरगं सकाळी किती वाजता उठतं, त्याला कोण उठवतं, ताप आला तर कुठं नेता, रात्री कोणाजवळ झोपतं. नवरा वाईट आहे हे मी शंभर पानांत सिद्ध केलं तरी त्यातून मी चांगली आई आहे हे सिद्ध होत नाही. आणि तोही माझ्याबद्दल शंभर पानं भरवेल. दोन्ही वह्या भरतील आणि लेकरं तशीच बाहेर बाकावर बसलेली राहतील.

म्हणून दुसऱ्या वहीला बसले. आणि ती लिहिणं पहिलीपेक्षा जड गेलं. रागाचं सगळं तारखेसकट ध्यानात होतं, पण माझ्या पोराला गणवेशाची गुंडी कोण लावून देतं हे लिहायला मला थांबून बघावं लागलं. रोज बघून रोज रात्री लिहिलं, दोन महिने. त्यातलंच थोडं सांगते.

सकाळी नळ येतो. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, प्यायला शहानूर धरणाचं पाणी नळानं येतं आणि ते येईल तेव्हा भरून ठेवावं लागतं. मी पाणी भरते तेव्हा मुलगी भावाला उठवते. माझ्यानं तो उठत नाही, तिच्यानं उठतो. ती त्याच्या कानात काहीतरी सांगते, काय सांगते ते मला अजून सांगितलेलं नाही. अंगणवाडीत तो आधी रडायचा, तेव्हा ती शाळेत जाताना त्याला सोडायची आणि मधल्या सुट्टीत खिडकीतून तोंड दाखवून जायची, अंगणवाडी ताईंनी मला हे नंतर सांगितलं. तिनं त्याला अंक शिकवले ते तुरीच्या दाण्यांवर. दूध-भाकर कुस्करून देते मी, पण पहिला घास तिनं खाल्ला तरच तो खातो. रात्री तिच्या फ्रॉकचा बंद मुठीत धरून झोपतो. एकदा ती मावशीकडं दोन दिवस गेली तर बंद नव्हता म्हणून तिचा जुना फ्रॉक काढून द्यावा लागला.

हे लिहीत गेले तशी माझ्या हाताला गोष्ट लागली. इतके दिवस मी पोरगं माझं की त्याचं एवढंच भांडत होते, म्हणजे मीही जेठांच्याच बैठकीत बसलेली होते. खरा विषय होता की ही दोघं एकमेकांची आहेत. वावराला मधात धुरा टाकला तर दोन्हीकडं पीक येतं. यांच्या मधात टाकला तर काय येईल?

मी 'से' पुन्हा लिहिला. त्यात पहिल्याच परिच्छेदात मुलीचं पूर्ण नाव, वय, इयत्ता आणि शाळा लिहिली. त्यानं मुलाच्या भेटीची मागणी केली होती, मी लिहिलं भेट द्यायला माझी हरकत नाही, पण दोन्ही मुलांची द्यावी. एप्रिलमध्ये भेटीचा अंतरिम आदेश झाला, महिन्यातले दोन शनिवार, आणि त्यात दोघांची नावं आहेत. त्या आदेशाची नक्कल काढली तेव्हा तिचं नाव मी बोट ठेवून वाचलं.

कागदांचं पटकन सांगते. लसीकरणाचं कार्ड, जन्माचे दाखले, शाळेचं बोनाफाइड, अंगणवाडीतली वजनाची नोंद, घराचा नमुना आठ, माझं पासबुक, शिलाईच्या वहीची झेरॉक्स. पोटगीसाठी दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं, हे सुप्रीम कोर्टानं 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलंय, आणि शेती करणाऱ्यांचा त्यात वेगळा नमुना आहे, जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, ढोरं किती. त्याच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा मी पंधरा रुपये भरून ऑनलाइन काढला. शेतीत काही उरत नाही असं तो म्हणतो, आणि ते पूर्ण खोटं आहे असं मी म्हणणार नाही, कापसाचं गणित मीही बघितलंय त्या घरात. मी फक्त जेवढं कागदावर आहे तेवढं दिलं.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज मी दोनशे चौदा पानं प्रिंट करून नेले होते. ताईंनी अकरा ठेवले. "मॅडम दोनशे पानं वाचतील का? आणि वाचले तर तुमचे बी वाचतील." माझे मेसेज मी परत वाचले मग. बरोबर होतं त्यांचं. मीही काही काही असं लिहिलेलं आहे की ते माझ्या पोरीनं कधी वाचू नये.

जुलैत त्याचा उलटतपास झाला. तो मीच घेतला, कारण माझ्याकडून दुसरं कोण घेणार. गल्लीत एक रिटायर तलाठी काका आहेत, तीस-बत्तीस वर्षं तहसीलमध्ये कागद बघितलेला माणूस, त्यांनी एक गोष्ट पक्की करून घेतली होती, ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न विचारायचा नाही, आणि "का" तर कधीच विचारायचं नाही, का विचारलं की समोरचा भाषण देतो. मी बारा प्रश्न लिहिले, चार खोडले, आठ विचारले. सातवा होता, मुलगी कितवीत आहे.

तो म्हणाला, दुसरीत.

ती चौथीत आहे. मी म्हणाले, मॅडम, बोनाफाइड दाखल आहे. मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि टायपिस्टला सांगितलं, लिहून घ्या. किती दिवस मी त्या प्रश्नाची वाट पाहिली होती, वाटलं होतं की तिथं मला बरं वाटेल. पण त्याचा चेहरा पडला तो कोर्टासमोर पडला तसा नव्हता, तो आतून पडला. आठवा प्रश्न मी कसाबसा विचारला. बाहेर पॅसेजमध्ये पाण्याच्या टाकीजवळ तो उभा होता, वकील फोनवर होते त्याचे, मी बाजूनं चालले तर हळूच म्हणतो, "चौथीत गेली?" मी हो म्हटलं. सव्वातीन वर्षांत आमचं भांडणाशिवाय झालेलं तेवढंच बोलणं.

आता माझी पाळी. महिनाभर रोज संध्याकाळी काका ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि माझा उलटतपास घेतात, माय शेंगा फोडत ऐकत असते. साक्ष कशी लिहितात ते काकांना माहीत आहे, "हे म्हणणे खरे नाही की, मी स्वखुशीने माहेरी निघून आले." "हे म्हणणे खरे नाही की, मुलाला दवाखान्यात नेण्याची माझी ऐपत नाही." इतकी सवय झाली की परवा भाजीवालीनं विचारलं वांगे महाग वाटतात काय तर माझ्या मनात आधी तेच वाक्य आलं. काका सांगतात, विचारलं तेवढंच बोल. हो, नाही, आठवत नाही, तीनच दारं. रडू आलं तर पाणी माग, पण रडतच बोलू नको. आणि मॅडमकडं बघून बोल, त्यांच्या वकिलाकडं बघून भांडू नको.

गेल्या आठवड्यात त्यांनी मधातच विचारलं, "मुलाले बाप आवडते का?"

मी गप्प. माय शेंगा फोडायची थांबली. काकांनी परत विचारलं, वकिलाच्या आवाजात. माझ्या तोंडात आलं होतं, हे म्हणणे खरे नाही की. पण ते खरं आहे. एप्रिलपासूनच्या शनिवारांनी तो बापाला ओळखतो आणि त्या दिवशी सकाळी स्वतःच चप्पल घालून दारात बसतो. मी म्हटलं, "हो, आवडतात." काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे बोलशीन त बाकीचं बी खरं धरतीन."

दुसऱ्या वहीत हे नव्हतं. मी ते लिहायचं टाळलं होतं. मुलगा दीड महिन्याचा असताना, लोक एकमेकांच्या दारात जात नव्हते त्या दिवसांत, मी बाळंतपणानं अंथरुणावर होते आणि लसीला त्याला त्याच्या बापानंच गाडीवरून नेलं होतं, सासू मागे बसली होती बाळ घेऊन. कार्डावर ती तारीख आहेच, माझ्याच यादीत ते कार्ड लावलेलं आहे, आणि मी ते "मी वेळच्या वेळी लसी दिल्या" असं लिहून दाखल करणार होते. ते वाक्य मी बदललं. "आम्ही दिल्या" केलं. ताई म्हणाल्या असू द्या, काही बिघडत नाही.

पोळ्याच्या आधीच्या भेटीला त्यानं मुलाला तान्ह्या पोळ्यासाठी लाकडाचा बैल आणला, चाकं लावलेला, आणि मुलीला कंपासपेटी आणली. तिला त्यानं आणलेली ती पहिलीच वस्तू. तिनं घेतली, थँक्यू म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस उघडली नाही, तिसऱ्या दिवशी त्यातल्या पेन्सिलीनं बैलाच्या शिंगांवर नक्षी काढून दिली भावाला. तान्ह्या पोळ्याला दोरी दोघांनी मिळून ओढली. हेही वहीत लिहिलं, कंपासपेटीसकट. काका म्हणाले हे काहून लिवतं, त्याचा फायदा होईल. होऊ द्या. तिच्या बापानं तिला काहीतरी दिलं हे माझ्या फायद्यासाठी मी पुसू का?

आता ते पाच वर्षांचं. गावात प्रत्येकजण मला हेच सांगतो, नोव्हेंबरात पोरगं पाचाचं झालं की बापाकडं जाते, कायदाच हाय. मलाही तसंच वाटायचं, आणि त्या नोव्हेंबरची मला इतकी धास्ती होती की दिवाळी आठवली तरी पोटात गोळा यायचा. मग मी कलम स्वतः वाचलं, त्याच 1956 च्या कायद्याचं कलम 6. तिथं एवढंच आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडं असेल. पाचव्या वाढदिवसाला ते आपोआप बापाचं होतं असं त्यात कुठंही नाही. त्यानंतरही मुलाचं भलं कशात आहे तेच बघायचं. एसटीत पाच वर्षांनंतर अर्धं तिकीट लागतं हे खरं, पण तेवढंच बदलतं त्या दिवशी. किती बायांनी त्या वाढदिवसाच्या भीतीनं काय काय सह्या करून दिल्या असतील, याचा विचार आला की मला फार त्रास होतो. ज्या वाचतील त्यांनी हे दुसऱ्या बाईला सांगा, मोठ्यानं सांगा, नळावर सांगा.

मॅडमनी सांगितलंय मुलीला सोबत आणा, त्या तिच्याशी चेंबरमध्ये एकट्या बोलणार आहेत. समजण्याइतकं मोठं लेकरू असेल तर त्याचं म्हणणं कोर्ट विचारात घेऊ शकतं. तेव्हापासून घरात सगळे तिचे शिक्षक झालेत. मामा म्हणतो असं सांगजो, माय म्हणते बाप कसा वागला ते सांगजो, शेजारच्या काकूंनी तर तिला पाच रुपयांचं चॉकलेट देऊन पाठ करून घ्यायला सुरुवात केली. मी सगळ्यांना हात जोडले. तिला नऊ वर्षांची राहू द्या. आणि पाठ केलेलं लगेच कळतं, इतकी लेकरं बघितलेली असतात त्या मॅडमनी.

काल रात्री तीच माझ्याजवळ आली, भाऊ झोपला होता, बंद त्याच्या मुठीत म्हणून तिला सरकता येत नव्हतं, तशीच वाकडी होऊन माझ्याकडं बघत म्हणते, "आई, मी काय सांगू तिथं?"

मी म्हटलं तुला जे वाटते ते.

"आणि नाही वाटलं काही तर?"

म्हटलं तर तेही सांग, की मला काही नाही वाटत.

ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, "त्या मॅडम बाबूले बी विचारतीन का?" मी म्हटलं तो लहान आहे, त्याला नाही विचारणार, तूच आहेस. "मंग त्याचं मी सांगू ना?" म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. झोपली नव्हती, मला माहीत आहे.

फाइल बांधून झालीये, निळी, नाडीची. आत पहिल्या पानावर यादी, मग निशाणीप्रमाणे कागद, सगळ्यात खाली दुसरी वही. पहिली वही मायच्या पेटीत ठेवली. चीफमध्ये त्यातलं लागलं तेवढं आलेलं आहे, बाकी नेत नाही. पोळी-भाजीचा डबा, पाण्याच्या दोन बाटल्या, मुलासाठी एक जास्तीची चड्डी, आणि बैल, कारण बैलाशिवाय तो निघणार नाही म्हणतो. मॅडमनी फक्त मुलीला आणायला सांगितलंय, पण ती गेली की हा दिवसभर खिडकीत बसून राहतो, म्हणून दोघांनाही नेते. सकाळी सहाची एसटी. माझं अर्धं तिकीट, तिचं अर्धं, त्याचं अजून लागत नाही.